शेपटीवरचा बिबट्या

व्हिडिओ कॉलवर आईने विमान दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "बाकी झकास झालंय रे, पण शेपटावर ते मांजर कशाला काढलंस?"

मांजर नाही, बिबट्या. आणि तो त्या शेपटीवर नेऊन बसवायला मला सात महिने लागले होते. पण परभणीत रात्रीचे साडेदहा वाजत आलेले, तिची झोपायची वेळ. "असंच गं," म्हणालो आणि फोन ठेवला. ते 'असंच' म्हणजे काय, ते इथे सविस्तर लिहितो.

मी इंग्लंडमध्ये पीटरबरोला राहतो. दिवसभर डेटाबेस, संध्याकाळी प्लास्टिकची विमानं. माप १/७२, म्हणजे खरं विमान बहात्तर पट लहान केलं की उरेल तेवढं. या छंदात एक आडवाट आहे. जे विमान सेवेत आलंच नाही, किंवा आलं पण अमुक रंगात, अमुक स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीत, कधी नव्हतं, ते 'असतं तर' कसं दिसलं असतं ते रंगवायचं. आधी कॉम्प्युटरवर बाजूचं चित्र काढायचं, पटलं तर मॉडेल करायचं. ब्रिटिश जेट विमानं या खेळाला फार सोयीची. साठच्या दशकात या देशाने विमानांच्या इतक्या योजना मांडून मोडल्या की कल्पनेला मोकळं रान आहे. निदान मला तसं वाटत होतं.

पहिला प्रयत्न अर्थातच टीएसआर-२. मोडलेल्या योजनांमधलं सगळ्यांत लाडकं भूत. २७ सप्टेंबर १९६४ ला ते पहिल्यांदा उडालं आणि ६ एप्रिल १९६५ ला अर्थसंकल्पाच्या भाषणात त्याचा निकाल लागला. उडालेलं विमान एकच, तेही पांढरंशुभ्र. मी ते १९९१ च्या आखाती युद्धात नेलं. वाळवंटी गुलाबी रंग, नाकाखाली शार्कचे दात, टाकलेल्या बॉम्बच्या काळ्या खुणा. फार खूश होतो मी स्वतःवर.

ते घेऊन क्लबात गेलो. क्लब म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमणारी वीसेक माणसं, एक बिस्किटांचा डबा आणि पाणचट चहा. त्यात एक म्हातारे गृहस्थ आहेत. हयात रॉयल एअर फोर्समध्ये गेली, वैमानिक म्हणून नव्हे, रंगारी म्हणून. 'पेंटर अँड फिनिशर' हा तिथे रीतसर हुद्दा होता. नाव देत नाही. मनातल्या मनात मी त्यांना पेंटरकाका म्हणतो.

पेंटरकाकांनी मॉडेल उचललं, उलटं करून पोट बघितलं, खाली ठेवलं.

"रंग छान बसलाय. हा गुलाबी कोणी मागवला?"

मी आखाती युद्धाची कथा सांगू लागलो. तो गुलाबी खराच होता. १९९०-९१ मध्ये टॉर्नेडो, जॅग्वार, बकेनियर या विमानांवर नेहमीच्या रंगावरून तो तात्पुरता चढवला होता, युद्ध संपल्यावर धुऊन काढता येईल असा.

"ते मला माहीत आहे. या विमानाला कोणी मागवला? पासष्टपासून सव्वीस वर्षं याचा खर्च कोणी मंजूर केला? कुठल्या तळावर होतं हे? आणि गुलाबीच्या खाली कुठला रंग आहे?"

गुलाबीच्या खाली प्रायमर होता. मी गप्प बसलो आणि बिस्कीट घेतलं.

त्या रात्री गाडी चालवताना मला बाबा आठवले. बाबा परभणीला जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. शाळेच्या भिंतीला पिवळा रंग का, असं लहानपणी विचारलं तर ते म्हणायचे, "पिवळ्याची टिप्पणी मंजूर झाली म्हणून." मला तेव्हा तो विनोद वाटायचा. पेंटरकाका चाळीस वर्षांनी, हजारो मैलांवर, तेच सांगत होते. रंग आवडीने लागत नाही. खाली टिप्पणी असते, तिच्यावर कोणीतरी सही केलेली असते, आणि त्या सहीला कारण असतं.

मग मी ती कारणं शोधत सुटलो, आणि खरं सांगतो, तिथे मला विमानांपेक्षा जास्त रस वाटू लागला. व्हल्कन बॉम्बर पांढरे का? अणुबॉम्बच्या झळीची उष्णता परतवायला. त्यांच्यावरची लाल-निळी चकती, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची खूण, तीही फिकट गुलाबी-आकाशी केलेली, गडद रंग ती उष्णता शोषेल म्हणून. मग १९६० साली सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान पाडलं. उंचावरून जाणं सुरक्षित राहिलं नाही, व्हल्कनना जमिनीलगत उडायचा हुकूम झाला आणि पाठीवर हिरवा-करडा आला. पोट तसंच उजळ राहिलं. पुढे अमेरिकेत नेवाडातल्या 'रेड फ्लॅग' नावाच्या हवाई युद्धसरावांत लक्षात आलं की खाली उडताना विमान कललं की ते उजळ पोट लख्खकन चमकतं. मग पोटही हिरवं-करडं. प्रत्येक थर म्हणजे एक धडा, आणि त्या धड्याची एक फाईल.

सगळ्यांत गंमत वाटली ती 'बार्ली ग्रे'ची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी फँटम विमानांना जो फिका राखाडी आला त्याचं हे नाव. त्यांचा दुसरा एक रंग 'हेम्प', म्हणजे अंबाडी-तागाच्या जातीचा मातकट रंग, निम्रॉडसारखी मोठी विमानं धावपट्टीच्या काँक्रीटवर उठून दिसू नयेत म्हणून काढलेला. म्हणून मी समजत होतो बार्ली म्हणजे जव, एकूण खातं शेतकी दिसतंय. तर बार्ली हे आडनाव निघालं. फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेतले फिलिप बार्ली. त्यांचा विचार साधा होता: आकाशात विमान दिसतं ते त्याच्या रंगामुळे कमी आणि त्याच्यावर पडलेल्या उजेड-सावलीमुळे जास्त. तेव्हा ऊन पडतं तो भाग थोडा गडद करा, सावलीतला भाग फिका करा, म्हणजे आकार सपाट होऊन मागच्या आभाळात विरघळेल. आपल्याकडे रांगोळीत कमळाला उठाव आणायला जे करतात त्याच्या अगदी उलट.

मी कॉम्प्युटरवर एक नवी फाईल उघडली. नाव दिलं 'मंत्रालय'. ठरवलं की आता आधी टिप्पणी, मग रंग.

स्क्वाड्रन निवडायला वेळ लागला नाही, पण त्या शोधात बरंच काही हाती लागलं. रॉयल एअर फोर्सच्या जुन्या यादीत आपली नावं जागोजागी भेटतात. ३१ स्क्वाड्रनचं लॅटिन ब्रीदवाक्यच 'भारताच्या आकाशात प्रथम' अशा अर्थाचं आहे. ११० स्क्वाड्रनच्या नावात 'हैदराबाद' आहे, कारण १९१८ मध्ये तिची विमानं निजामाच्या पैशातून आली. हे वाचून मी थबकलो. परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात. म्हणजे आमच्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातला एखादा आणा पश्चिम आघाडीवरच्या एखाद्या विमानाच्या शेपटीला लागला असणार, आणि पणजोबांनी विमान कधी पाहिलंही नसणार. दुसऱ्या महायुद्धात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. वसाहतींतून, संस्थानांतून विमानांसाठी वर्गणी जायची आणि त्या बदल्यात स्क्वाड्रनला गावाचं नाव मिळायचं. त्यातूनच १२२ 'बॉम्बे' आणि १३२ 'सिटी ऑफ बॉम्बे'. गवालिया टँकवर 'चले जाव' होत होतं त्याच वर्षांत त्याच शहराच्या नावाने स्पिटफायर उडत होती. हे लिहिताना थोडं अडखळायला होतं. ज्यांना 'जा' म्हटलं त्यांच्या विमानांवर मी आपल्या शहराचं चिन्ह लावायला निघालो होतो. पण वर्गणी गेली होती हे खरं आहे, आणि नाव त्या यादीत आहे हेही खरं आहे. ते पुसून कोणाचं भलं होणार?

मी १३२ घेतली. चिन्ह उभा ठाकलेला बिबट्या, ब्रीदवाक्य 'बिबट्यापासून सावध'. आरे कॉलनीत रात्री कचरा टाकायला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हे वाक्य लॅटिनशिवाय समजेल. ही स्क्वाड्रन १९४४ मध्ये नॉर्मंडीवर लढली, मग पूर्वेकडे आली, जपान शरण आल्यावर हाँगकाँगला गेली आणि १९४६ मध्ये मोडली. जेटचं युग तिने पाहिलंच नाही. माझ्यासाठी कोरी पाटी.

आता तिला जेट द्यायचं कोणत्या सबबीवर? १६ जानेवारी १९६८ ला पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत जाहीर केलं की १९७१ अखेर ब्रिटन सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य काढून घेणार. त्याच घोषणेत अमेरिकेकडून घ्यायची ५० एफ-१११के विमानंही रद्द झाली. माझ्या 'मंत्रालया'त ही घोषणा सहा वर्षं पुढे ढकलली. बस, एवढंच. सिंगापूरच्या टेंगाह तळावर एक फँटम स्क्वाड्रन ठेवायची, नंबर हवा, आणि पूर्वेत मोडलेला एक नंबर कपाटात पडलाय. फँटमच का? कारण ते तिथे खरोखर जाऊन आलेलं होतं. १९७० मध्ये ५४ स्क्वाड्रनचं फँटम हवेतच इंधन घेत घेत इंग्लंडहून सिंगापूरला चौदा तासांहून जास्त वेळ न थांबता उडालं. दुसरं कारण कमी उदात्त आहे. एफ-१११ चा किट महाग आहे आणि फँटमचा माझ्या कपाटात होता.

टिप्पणी पेंटरकाकांना वाचून दाखवली. म्हणाले, "हां, हे पटतं. आता रंग सांग."

रंग मी आधीच ठरवून टाकला होता. मलायाचं जंगल, म्हणून दोन हिरवे आणि एक तपकिरी, अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये लावले तसे. पाठीवर कॉकपिटमागे पांढरा पट्टा, उन्हासाठी. चित्र फार देखणं झालं होतं.

"स्टोअरमध्ये काय आहे?" काकांनी विचारलं.

स्टोअरमध्ये अर्थातच डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे होता, पोटाला लाइट एअरक्राफ्ट ग्रे. १९६९ पासून हवाई दलाची सगळी फँटम त्याच रंगात येत होती, तेही चकचकीत पॉलियुरेथेनमध्ये. मॅट रंग आणि पांढरा भाग गाळलेली लाल-निळी चकती १९७२ च्या सुमारास आली. टेंगाहला हंटर होती तीही हिरवी-करडीच. एका स्क्वाड्रनसाठी नवा रंग मागवायचा तर टिप्पणी लंडनला जाणार, उत्तर यायला दोन पावसाळे. माझं जंगल गेलं. पांढरा पट्टाही गेला. हिरव्या-करड्याची नागमोडसुद्धा माझ्या हातात नव्हती. ती नकाशाबरहुकूम, प्रत्येक फँटमवर त्याच वळणाची. मोकळं रान म्हणता म्हणता माझ्या वाट्याला राहिली उभी शेपटी, आणि चकतीच्या दोन्ही बाजूंचे दोन पट्टे.

ते पट्टे म्हणजे स्क्वाड्रनची ओळख. ४३ चे काळे-पांढरे चौकोन, ५६ चे लाल-पांढरे, १९ चे निळे-पांढरे. १३२ ला युद्धात असे पट्टे नव्हतेच, फक्त अक्षरं असायची, तेव्हा मला ते नव्याने शोधायचे होते. मुंबई म्हटल्यावर डोक्यात एकच जोडी आली: काळा-पिवळा. टॅक्सी! मी आनंदाने चित्र रंगवलं. आणि मग कपाळाला हात लावला. १९६७ ते १९७१ टेंगाहवर ७४ स्क्वाड्रन होती, लाइटनिंग विमानांची. तिचं चिन्ह वाघ, तिचे रंग काळा-पिवळा. एकाच तळावर, एकाच फरसबंदीवर, दोन मांजरकुळं काळ्या-पिवळ्यात? मेसमध्ये मारामाऱ्या झाल्या असत्या. शिवाय १११ स्क्वाड्रनही काळी-पिवळीच.

भगवा करून पाहिला. हे कबूल करायला हरकत नाही, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाने तेच केलं असतं. पण करड्या रंगावर तो लांबून बचाव-पथकाच्या नारिंगीसारखा दिसतो, आणि १९७० चा ब्रिटिश विंग कमांडर भगवा का निवडेल याची टिप्पणी मला काही केल्या लिहिता येईना.

शेवटी धाकटीने मदत केली. ती नऊ वर्षांची आहे आणि प्राण्यांबाबत तिला कोणी खोटं सांगितलेलं खपत नाही. मी पट्ट्यावर भरीव टिपके काढत होतो.

"बाबा, भरीव टिपके चित्त्याचे असतात. बिबट्याची फुलं असतात."

फुलं! मधे मोकळी, कडेने तुटक कड्या. मग पट्ट्याचा तळ गेरूकडे झुकणारा पिवळा आणि त्यावर गर्द फुलं, असं बिबट्याचं कातडंच काढलं. एका पट्ट्यात चाळीसेक फुलं बसली. पडद्यावर ते इतकं सुंदर दिसलं की मी ते प्रिंट काढून क्लबात नेलं.

काकांनी चष्मा पुसला आणि प्रिंट नाकाजवळ नेलं. "चाळीस?"

"हो. दोन्ही बाजू मिळून चार पट्टे, म्हणजे एकशे साठ."

"विमान मोठ्या सर्व्हिसिंगला जातं, रंग खरवडून निघतो. परत आलं की हे कोण काढणार? हाताने, ब्रशने, टेंगाहच्या उकाड्यात?" त्यांनी प्रिंट खाली ठेवलं. "तीन. मी तीन काढले असते. आणि भरीव."

"पण बिबट्याची तर फुलं..."

"बिबट्याला सर्व्हिसिंग नसतं."

तीन भरीव टिपके. मला मान्य व्हायला आठवडा लागला, धाकटीला अजून झालेलं नाही. पण एकदा तीन ठिपक्यांचा पट्टा काढल्यावर चित्र एकदम खरं वाटायला लागलं. चाळीस फुलांचं चित्र मी काढलेलं दिसत होतं, तीन ठिपक्यांचं कुठल्यातरी शेडमध्ये घडलेलं. टिपक्यांचा रंगही काकांनीच सुचवला: काळा नको, ७४ वाले ओरडतील, कॅमोफ्लाजचा डार्क ग्रीन घे, त्याचा डबा शेडमध्ये कायम उघडा असतो. पिवळ्यात लाल थेंब टाकून गेरूही तिथेच ढवळायचा, मग प्रत्येक विमानाचा पिवळा जरा वेगळा. हे मी टिप्पणीत जसंच्या तसं घातलं.

नंबराचा प्रश्न त्या मानाने झटक्यात सुटला. ब्रिटिश लष्करी विमानांचे क्रमांक सलग नसतात. मोजणाऱ्या शत्रूला हिशोब लागू नये म्हणून मधेमधे फटी सोडलेल्या असतात. फँटमचे क्रमांक एक्सव्ही ४४२ ला थांबतात आणि एक्सव्ही ४६० ला पुन्हा सुरू होतात. माझं विमान एक्सव्ही ४५० झालं. सरकारनेच माझ्यासाठी खोटेपणाची जागा राखून ठेवली होती म्हणायचं.

मॉडेल सुरू करण्याआधी डक्सफर्डला जाऊन आलो. आमच्याकडून तासाभराच्या आत. तिथे संग्रहालयात एक्सव्ही ४७४ आहे, ७४ स्क्वाड्रनचं फँटम, नंतरच्या राखाडी रंगातलं. एका टीएसआर-२ चं पांढरं धूडही तिथेच. त्याच्यासमोर मी गुलाबी प्रकरणाची मनातल्या मनात माफी मागितली. फँटमजवळ दीड तास होतो. पुस्तकातून कळत नाही ते मागच्या बाजूला कळलं. इंजिनाच्या नळकांड्यांभोवतीचा पत्रा रंगवलेलाच नाही. उघडी धातू, उष्णतेने निळी-तपकिरी-सोनेरी झालेली, चुलीवरच्या तव्याच्या कडेला येते तशी झाक. माझ्या चित्रात तिथे ऐटीत हिरवा रंग होता. घरी येऊन तेवढा भाग पुन्हा काढला. आणि शेपटीच्या टोकावरची ती चौकोनी डबी. शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं ते उपकरण फँटमवर सत्तरच्या दशकाच्या मध्याला आलं. माझं विमान १९७१ चं, आणि मी किटमधली डबीवाली शेपटी चिकटवून मोकळा झालो होतो. रेझर सॉने ती कापली, वरची कड पुटीने भरून घासली. दोन संध्याकाळी गेल्या. घासताना जिना चढून सौ. वर आली, पांढरी धूळ बघितली आणि काही न बोलता खिडकी उघडून गेली.

रंगकामाचं फार सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. हम्ब्रॉल कंपनीच्या रंगांतले १६३, १६४ आणि १६६, म्हणजे अनुक्रमे हिरवा, करडा आणि पोटाचा फिका. पहिल्या दोन्हींत थोडा फिका राखाडी मिसळला, कारण बहात्तर पट लहान विमान म्हणजे बहात्तर पट लांबून पाहिलेलं विमान, आणि लांबून रंग फिकटतो. नागमोड कडा झाकायला ब्लू-टॅकच्या, म्हणजे कागद भिंतीला चिकटवायच्या मऊ लगद्याच्या, वळकट्या करायच्या. चकलीचं पीठ वळता येत असेल तर हे येतं. वरून चकचकीत वॉर्निश. हिरवा-करडा लखलखीत हे आज डोळ्यांना विचित्र वाटतं, जणू लपायला निघालेल्या माणसाने बूट पॉलिश केलेत. पण तेव्हा तसंच होतं, आणि तसंच केलं.

गोंधळ झाला तो डिकॅलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील चित्रांत. शेपटीवरची बिबट्याची चकती आणि पट्टे मी घरच्या इंकजेट प्रिंटरवर पारदर्शक डिकॅल कागदावर छापले. आधीच्या चुकीतून शिकून वॉर्निशचे दोन हात देऊन शाई पक्की केली होती, तेव्हा पाण्यात ती फुटली नाही. मी खुशीत पट्टा हिरव्या-करड्या धडावर सरकवला. आणि पिवळा गायब! इंकजेटला पांढरा छापता येत नाही. त्याचा पिवळा म्हणजे पिवळी काच, खाली हिरवा असला की हिरवाच दिसतो. गेरूच्या पट्ट्याऐवजी शेवाळलेला डाग दिसत होता. ओल्या कापसाने सगळं पुसून काढलं.

मग चकती पांढऱ्या डिकॅल कागदावर छापली आणि कडेने बिनचूक गोल कापली. खऱ्या विमानावर साठ सेंटीमीटरची धरली होती, १/७२ ला ती सव्वाआठ मिलिमीटर. हेराल्डीतला, म्हणजे युरोपी मानचिन्हांतला, उभा ठाकलेला, पंजे उगारलेला, जीभ काढलेला बिबट्या सव्वाआठ मिलिमीटरमध्ये कसा दिसतो? दूध मागायला मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या मांजरासारखा. आईची नजर बरोबर आहे.

पट्टे मात्र हाताने काढायचं ठरवलं. टेप लावून सव्वासहा मिलिमीटर उंचीचे गेरू चौकोन फवारले, आणि टिपके तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या, ब्रशने. चाळीस फुलं असती तर हे अशक्य होतं. तीन टिपक्यांचा निर्णय शेडमधल्या रंगाऱ्याला जितका सोयीचा तितकाच मला ठरला. श्वास रोखायचा, मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचं, ब्रशचं टोक नुसतं टेकवून उचलायचं. डावे दोन पट्टे झाले. उजव्या बाजूचा पुढचा झाला. शेवटच्या पट्ट्यावर तिसरा टिपका देऊन ब्रश उचलला, धाकटीने खालून "बाबा, जेवायला!" अशी हाक मारली, आणि ब्रशच्या टोकाला उरलेला थेंब पडला. नेमका चौकोनाच्या आत, नेमका टिपक्याएवढा. जणू मोजून दिलेला.

पुसायला गेलो असतो तर गेरूही निघाला असता. तसाच ठेवला. तीन, तीन, तीन आणि चार.

पुढच्या महिन्यात क्लबात नेलं. पेंटरकाकांनी नेहमीप्रमाणे आधी पोट बघितलं, मग मागचा जळका पत्रा, मग शेपटी. शेपटीशी थोडे थांबले, हसले बहुतेक. मग उजवी बाजू उजेडाकडे धरली आणि बोटाने न मोजता मोजलं.

"चौथा कोणाच्या शिफ्टमध्ये पडला?"

घरी आल्यावर 'मंत्रालय' उघडलं. बाबांचं सगळं अक्षरवळण आठवून टाइप केलं:

'विषय: विमान क्र. एक्सव्ही ४५०, उजवीकडील मागील पट्ट्यावर आढळलेला जादा टिपका. सदर टिपका रात्रपाळीत, जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास पडल्याचे दिसून येते. पुढील सर्व्हिसिंगपर्यंत आहे तसा ठेवण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर.'